अँड्रोमेडा ते देवयानी : एका यावनी नामाचे संक्रमण

जयपूरच्या चारदीवारीत, सरहद चौकडीतील वेधशाळेच्या आवारात, राशिवलय नावाची बारा लहान यंत्रे निरनिराळ्या रोखाने उभी आहेत. मेषापासून मीनापर्यंत एकेका राशीला एकेक यंत्र. नावे शुद्ध संस्कृत असल्यामुळे ती या मातीत उगवलेली असावीत असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुतः हे राशिचक्र यवनांकडून आले आणि येताना त्याने आपली नावेही बरोबर आणली होती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहज्जातकात ती अद्याप ऐकू येतात. ग्रीक क्रिओस तेथे ‘क्रिय’ झाला, टॉरोस ‘ताबुरि’, पार्थेनोस ‘पाथोन’, स्कॉर्पिओस ‘कौर्प्य’. कुंभाचे ग्रीक नाव हिद्रोखोओस, म्हणजे पाणी ओतणारा. संस्कृत कानाने त्याचा ‘हृद्रोग’ केला. आकाशातील पाणक्याला असा काळजाचा विकार जडला आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे दिसत नाही.

राशींपेक्षा ग्रहांची उदाहरणे तुलनाकारांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहेत, कारण तेथे थेट देवतांचीच नावे येतात. हेलिओस हा ‘हेलि’, हर्मीस हा ‘हिम्न’, आरीस हा ‘आर’, क्रोनोस हा ‘कोण’. सर्वांत विलक्षण प्रवास अ‍ॅफ्रोडायटीचा. ती ‘आस्फुजित्’ झाली, ‘जित्’ या अंत्यपदामुळे विजयी पुरुष वाटू लागली आणि शुक्राचे पर्यायनाम म्हणून कोशांत स्थिरावली. प्रणयाची ग्रीक देवी असुरांच्या आचार्याच्या अंगात अशी विरून गेली. या आचार्याची कन्या देवयानी. आजच्या मराठी खगोललेखनात अँड्रोमेडा या ग्रीक राजकन्येच्या तारकासमूहाला तिचेच नाव आहे. पिता ध्वनीच्या वाटेने यावनी नामाला मिळाला, कन्या कथेच्या वाटेने. या दोन वाटांमध्ये सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर आहे आणि त्या अंतराच्या शेवटच्या टप्प्यावर जयपूरची चारदीवारी येते.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसवले आणि पुढील काही वर्षांत तेथील वेधशाळा उभारली. त्याच्या ज्योतिषमंडळात अग्रभागी होते सम्राट जगन्नाथ, मूळच्या महाराष्ट्रीय वैदिक घराण्यातील पंडित. राजाज्ञेवरून ते अरबी-फारसी शिकले. नसीरुद्दीन तूसीने तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या अरबी पाठांवरून त्यांनी युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ ‘सम्राट्सिद्धांत’ या नावाने संस्कृतात आणला. त्याच वर्तुळातील नयनसुखोपाध्यायांनी थिओडोसियसच्या गोलविषयक ग्रंथाचा अनुवाद केला आणि त्याला ‘उकर’ हे गोलवाचक अरबी शब्दावरून घेतलेले नावच ठेवले.

जगन्नाथांच्या दोन ग्रंथांचे उपोद्घात एकमेकांशेजारी ठेवून वाचले म्हणजे प्रस्तुत विषयाचे मर्म ध्यानात येते. ‘सम्राट्सिद्धांता’च्या आरंभी ते सांगतात की, अरबी भाषेत ‘मिजास्ती’ नावाचा ग्रंथ होता, तो गणकांना सुबोध व्हावा म्हणून देववाणीत प्रकट केला. ‘मिजास्ती’ हे अरबी ‘अल्-मजिस्ती’चे, आणि ते पुन्हा ग्रीक ‘मेगिस्ते’ या शब्दाचे रूप. मूळ ग्रंथ परका आहे, हे येथे निःसंकोच मान्य केले आहे. ‘रेखागणिता’चा सूर अगदी वेगळा. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, परंपरेने ते भूतलावर आले, मध्यंतरी खंडित झाले आणि जयसिंहाच्या आज्ञेने पुन्हा प्रकाशात आणले, अशी त्याची वंशावळ दिली आहे. तीत युक्लिडला जागा नाही. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १९०१-०२ मध्ये हा ग्रंथ छापला गेला, तेव्हा त्याचे युक्लिडशी नाते विद्वानांना ठाऊकच होते. पण श्लोक आपल्या जागी आहेत. लेखक एक, आश्रयदाता एक, स्रोतभाषा एक, आणि तरीही ऋणाविषयीच्या भूमिका दोन. याला अप्रामाणिकपणा म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. ग्रहगणिताची तुलना परक्या कोष्टकांशी करायची असल्याने तेथे स्रोत सांगणे कामाचे होते. भूमितीला मात्र शिल्पशास्त्राच्या मान्य कुळात प्रवेश हवा होता, म्हणून तिला गोत्र देण्यात आले. नव्या वस्तूला गोत्र देण्याची ही रीत पुढे आकाशातील नावांनाही लागू झाली, असे येथे दाखवायचे आहे.

टॉलेमीच्या यादीत ४८ तारकासमूह आहेत. त्यांतील अँड्रोमेडेच्या वाट्याला त्याने २३ तारे दिले. नावाची व्युत्पत्ती ‘अनेर’ म्हणजे पुरुष आणि ‘मेदो’ म्हणजे राखणे, अधिपत्य करणे या दोन पदांतून लावतात. ‘पुरुषांवर सत्ता चालवणारी’ किंवा ‘पतीची चिंता वाहणारी’ असे दोन्ही अर्थ संभवतात. मेड्यूसेचे नावही याच ‘मेदो’ धातूचे. म्हणजे नायिका आणि जिच्या छिन्न मस्तकासह नायक तिच्याकडे येतो ती राक्षसी, या नामदृष्ट्या बहिणी ठरतात. नावात सत्ता असलेली ही स्त्री कथेत मात्र खडकाला जखडलेली आहे. इथिओपियाचा राजा सेफियस, त्याची राणी कॅसिओपिया. राणीने सौंदर्याचा गर्व करून सागरकन्यांना हिणवले, सागरदेवाने राक्षसी जलचर धाडला, आणि राज्य वाचवण्यासाठी राजाने कन्येचा बळी देऊ केला. वाटेने जाणाऱ्या पर्सियसने तिला सोडवून तिच्याशी विवाह केला. युरिपिडीझने ख्रिस्तपूर्व ४१२ मध्ये या विषयावर केलेले नाटक आज अवशेषरूपानेच उरले आहे. आकाशात मात्र राजा, राणी, कन्या, जामात आणि जलचर ही पाचही पात्रे एकमेकांच्या आसपास आहेत. ग्रीक आकाशात इतके सलग कुटुंब दुसरे नाही. या नावांपैकी एकाचे भाषांतर करायचे तर साऱ्यांचेच करावे लागते. अनुवादाचा प्रश्न येथे शब्दाचा राहत नाही, नातेसंबंधांचा होतो.

अरबांनी तो प्रश्न कथा बाजूला ठेवून सोडवला. सेफियस आणि पर्सियस यांची नावे ध्वनीने घेतली, पण स्त्रियांची नावे वर्णनाने दिली. कॅसिओपिया ही ‘खुर्चीवाली’, अँड्रोमेडा ही ‘साखळदंडातली स्त्री’. दहाव्या शतकातील अल्-सूफीच्या परंपरेत तिला ‘जिने पती पाहिला नाही अशी स्त्री’ असेही म्हटले आहे. चित्र राहिले, कथानक गळाले. आणि कथानक गळाल्यावर ज्या स्त्रीच्या नावात पतीची चिंता होती ती पतीवाचून उरली. अरबांच्या स्वतःच्या जुन्या आकाशात याच जागी एक मोठा मासा होता. अल्-सूफीने दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली आणि माशाच्या मुखाजवळ एक ‘लहान ढग’ नोंदवला. आज ज्याला आपण देवयानी दीर्घिका म्हणतो, तिची ही पहिली ज्ञात लिखित नोंद. मेड्यूसा अरबांना अनोळखी होती, म्हणून तिचे मस्तक ‘घूल’चे, म्हणजे पिशाच्चाचे झाले.

संस्कृत यंत्रराजांवरील तारकानामे या वर्णनपद्धतीची उत्तराधिकारी आहेत. घूलचे मस्तक तेथे ‘प्रेतशिर’ होते, आणि माशाच्या पोटाचा तारा ‘मत्स्योदर’. हा ‘मत्स्योदर’ म्हणजे अँड्रोमेडेच्या कटिभागातील ठळक तारा. संस्कृत पंडिताला त्यात राजकन्या दिसत नव्हती, मासाच दिसत होता. जयसिंहाच्या ‘जीज-इ-मुहंमदशाही’तील ताऱ्यांची स्थाने समरकंदच्या उलुग बेगाच्या १४३७ च्या यादीतील भोगांशांत अयनचलनाचे ४ अंश ८ कला मिळवून सिद्ध केलेली आहेत. म्हणजे चारदीवारीतील वेधशाळेत हे सारे आकाश उपलब्ध होते; तरीही ग्रीक कुटुंबकथेला भारतीय कुटुंबकथा जोडण्याची गरज तेथे कोणाला भासली नाही. तारा ओळखण्यापुरते नाव त्यांना पुरत होते.

ही गरज प्रथम भासली ती युरोपीय विद्वानांना, आणि त्याचे फळ चमत्कारिक निघाले. फ्रान्सिस विल्फर्डने अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये प्रतिपादन केले की सेफियस, कॅसिओपिया, अँड्रोमेडा आणि पर्सियस हे चौघेही पुराणांत मूळ रूपाने आहेत, अँड्रोमेडा म्हणजे ‘अंतर्मदा’. त्याच्या पंडिताने ती आकाशात बोट दाखवून ओळखवूनही दिली. पुढे १८०५ मध्ये विल्फर्डलाच कबूल करावे लागले की पंडिताने हस्तलिखितांत त्याला हवे तसे फेरफार केले होते. गोऱ्या जिज्ञासूला जे ऐकायचे होते ते पंडिताने पुरवले. दोष केवळ पंडिताचा मानणे मात्र एकांगी ठरेल. ध्वनिसाम्यावरून इतिहास उभारण्याची हौस मुळात साहेबाची होती. ध्वनिसाम्याची ती ओढ अर्वाचीन बंगाली नामावलीतही दिसते. तेथे सेफियससाठी ‘शेफाली’, पर्सियससाठी ‘परशु’, कॅसिओपियेसाठी ‘काश्यपेय’ अशी नावे आढळतात. फरक इतकाच की ही नावे प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून पुढे येत नाहीत.

मराठीने वेगळी निवड केली. अँड्रोमेडा ही देवयानी, पर्सियस हा ययाति, कॅसिओपिया ही शर्मिष्ठा, सेफियस हा वृषपर्वा. मराठी विश्वकोशापासून शालेय आकाशनकाशांपर्यंत हीच नावे रूढ आहेत. हिंदीतही ती चालतात. ध्वनीचा येथे काहीच संबंध नाही, वर्णनाचाही नाही. एका परक्या कथेच्या जागी महाभारताच्या आदिपर्वातील एक सबंध कथा बसवली आहे. नामकरणकर्त्याला तौलनिक दृष्टी होती हे मान्य केलेच पाहिजे, कारण या दोन कथांचा सांधा वरवरचा नाही. देवयानी विहिरीत पडली आहे, मृगयेला निघालेला ययाति येतो, तिचा उजवा हात धरून तिला वर काढतो आणि हे पाणिग्रहण पुढे विवाहात परिणत होते. बंधनात असलेली स्त्री, वाटेवरचा पुरुष, सुटका, विवाह. आणि बंधनाच्या मुळाशी दुसऱ्या एका स्त्रीचा गर्व. तिकडे कॅसिओपियेचा सौंदर्यगर्व, इकडे शर्मिष्ठेचा कुलगर्व. गर्विणीच्या जागी गर्विणी बसवली आहे, यात हिशेब आहे.

पण नाती तपासू लागले की सांधे हलतात. सेफियस-कॅसिओपिया हे पतिपत्नी; वृषपर्वा-शर्मिष्ठा हे पितापुत्री. कॅसिओपिया ही पर्सियसची सासू. शर्मिष्ठा ही ययातीची प्रिया आणि त्याच्या तीन पुत्रांची माता. आईची मैत्रीण झाली, सासूची सवत झाली. याहून गंभीर अदलाबदल बळीच्या संदर्भात आहे. ग्रीक कथेत राजा आपल्या राज्याच्या रक्षणासाठी स्वतःची कन्या देऊ करतो. महाभारतात हेच कृत्य वृषपर्वा करतो. शुक्राचार्य रुष्ट होऊन निघाले तर असुरांचे राज्य बुडेल, म्हणून तो शर्मिष्ठेला देवयानीची दासी होऊ देतो. राज्याच्या वेदीवर चढवलेली कन्या ती शर्मिष्ठा. म्हणजे कथेचे तर्कशास्त्र सांभाळायचे तर साखळदंडातली स्त्री शर्मिष्ठाच ठरायला हवी होती. प्रत्यक्षात जिला दास्य आले तिला मराठी आकाशाने राणीच्या खुर्चीवर बसवले आणि जिने दास्य लादले तिच्या हातांत बेड्या घातल्या. हे जाणूनबुजून केले असेल असे वाटत नाही. पण वाचकाला महाभारतातील न्यायनिवाडा पुन्हा करून पाहण्याची संधी त्यातून मिळते.

काही गोष्टी अनुवादात बसल्याच नाहीत. पर्सियसच्या हातातील मेड्यूसेचे शिर ययातीच्या हाती आले, पण ययातीच्या कथेत ते कोणाचे, याला उत्तर नाही. जलचर सीटस ‘तिमिंगल’ झाला आणि या कुटुंबाशी त्याचे वैर संपले. उलट ययातिकथेचा जो गाभा, तो जराशाप आणि पुरूने दिलेले यौवन, त्याला आकाशात स्थानच नाही. दोन्ही कथांचे अर्धेअर्धे भाग तेवढे एकमेकांवर पडतात.

या चर्चेत अक्षांशाचा एक मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. ग्रीकोरोमन परंपरेत कॅसिओपियेला शिक्षा म्हणून ध्रुवाजवळ बसवले आहे. फिरताना ती काही काळ खाली डोके वर पाय अशा अवस्थेत लटकते. जयपूरच्या सुमारे २७ अंश अक्षांशावरून तिच्या पाच ठळक ताऱ्यांपैकी चार त्या काळात क्षितिजाखाली जातात, पुण्याहून तर पाचही. राणीची उलटी अवस्था महाराष्ट्रातील डोळ्याला दिसतच नाही. तो तिला आसनावर सरळ बसलेलीच पाहतो. शिक्षेची कथा येथे आली असती तरी आकाशाने तिला साक्ष दिली नसती. शर्मिष्ठेला उपेक्षितेच्या जागेवरून उचलून नायिकेच्या जागी बसवणे अर्वाचीन भारतीय साहित्याला आवडले आहे. मायकेल मधुसूदन दत्तांचे ‘शर्मिष्ठा’ नाटक १८५९ चे, आणि बरोबर १०० वर्षांनी, १९५९ मध्ये, वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. तीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने बोलतात, आणि वाचकाची सहानुभूती शर्मिष्ठेकडे झुकते. मराठी आकाशातील शर्मिष्ठेचे सरळ आसन आणि मराठी कादंबरीतील तिची प्रतिष्ठा यांत कार्यकारणभाव शोधणे हास्यास्पद होईल. मात्र ज्या वाचकाच्या मनात दोन्ही आहेत त्याला एकीमुळे दुसरी वेगळी दिसते, आणि ग्रहणाच्या अभ्यासाला तेवढे पुरेसे आहे.

देवयानीचे तसे नाही. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’मध्ये (१९१३) ती कचाची प्रेयसी आहे, खांडेकरांकडे मानी आणि महत्त्वाकांक्षी राणी, शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’मध्ये (१९६६) शीर्षकाची सहभागीदार. मराठी घरांत हे नाव मुलींना आवडीने ठेवतात, शर्मिष्ठाही ठेवतात. वृषपर्वा ठेवलेला ऐकिवात नाही. ‘देवयान’ म्हणजे उपनिषदांतील देवांकडे नेणारा मार्ग, म्हणून देवयानी हे नाव आकाशाला आपोआप शोभते. नेमका धोका या शोभण्यातच आहे. तारकासमूहाचे देवयानी हे नाव महाभारतकालीन असावे असा समज सुशिक्षितांतही आढळतो. आदिपर्वातील ययात्युपाख्यानात या तारकासमूहाचा उल्लेख नाही. आपल्या परंपरेने या प्रदेशातील काही तारे निश्चितपणे ओळखले होते, पण ते नक्षत्रचक्राच्या हिशेबात. अँड्रोमेडेच्या मस्तकाचा तारा हा उत्तरा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांपैकी एक मानला जातो. अस्सल जुने नाव हवेच असेल तर ते भाद्रपदा आहे, देवयानी नव्हे.

म्हणून ‘देवयानी’ हे नाव टाकून द्यावे असे मात्र नाही. परक्या नावाचे उच्चार घोटण्यापेक्षा परिचित कथेच्या आधाराने चार तारकासमूह ध्यानात ठेवणे विद्यार्थ्याला सोपे जाते, आणि पारिभाषिक नाव म्हणून ते आता सिद्ध झाले आहे. आक्षेप आहे तो ऋण झाकण्याला. ‘रेखागणिता’च्या उपोद्घातात विश्वकर्मा जे काम करतो तेच काम येथे ययातीकडे आले आहे, आणि जगन्नाथांनी ‘मिजास्ती’ हे नाव जसे उघड सांगितले, तसे सांगणारे वाक्य आपल्या आकाशनकाशांच्या तळाशी अपवादानेच असते. त्या एका वाक्याने देवयानी परकी ठरणार नाही. उलट आस्फुजितापासून मत्स्योदरापर्यंतचा जो लांब व्यवहार तिच्या मागे आहे तो उजेडात येईल, आणि तो पुराणकथेपेक्षा कमी रंजक नाही.

विसाव्या शतकाने या कुटुंबात आणखी एक गुंता केला. सेफियस समूहातील एका ताऱ्याचे तेज नियमित कालावधीने बदलते. त्याच्या वर्गातील ताऱ्यांना सेफीड म्हणतात. अल्-सूफीने पाहिलेल्या त्या ‘लहान ढगा’त एडविन हबलला १९२३ मध्ये असाच एक तारा सापडला, आणि त्याच्या साहाय्याने तो ढग आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे सिद्ध झाले. आजच्या गणनेनुसार तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. ग्रीक नावांनी वाचले तर पित्याच्या दीपाने कन्येचे अंतर मोजले गेले; मराठी नावांनी वाचले तर ते सवतीच्या पित्याने मोजले. मराठी लेखक मात्र येथे वृषपर्व्याला बोलावत नाहीत. ते ‘सेफीड रूपविकारी तारे’ असे लिहितात. क्रिय आणि ताबुरि ज्या वाटेने आले त्याच वाटेने, ध्वनीच्याच, इथिओपियाचा राजा मराठीत येऊन राहिला आहे.